आबांच्या चपलांना चौथा नंबर

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सव्वादोन वाजता मी ठरवलं, की आधी नंबर लावून यावा. निर्णय एवढाच होता. ऑफिसात मी याहून मोठे निर्णय घेत नाही आणि घरात तर कुठलेच घेत नाही. त्यामुळे हा एक वाट्याला आला तेव्हा मी तो जरा हौसेनंच घेतला, हे कबूल करतो.

आम्ही कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहतो. मी, माझी बायको प्रीती, आई आणि आबा. (मुलगी शिकायला पुण्याला असते. ती घरी असती तर यातलं काहीच घडलं नसतं, असं तिचं म्हणणं आहे.) आबा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं विठ्ठलवाडी डेपोत काढली. घाटात ब्रेक फेल झालेली गाडी त्यांनी एकदा कड्याला घासत उभी केली होती आणि खाली उतरून आधी पॅसेंजरांना विचारलं होतं, चहा कोण कोण घेणार. असा माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल किती बोलेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा आणि जाणाऱ्या कागदावरही नंबर टाकायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली आहे, की ज्याला नंबर मिळाला त्याचं काम झालं. (ते कागद पुढे कुठे जातात, हे मी कधी विचारलेलं नाही.)

त्या रविवारी मटण होतं. शेवटची भाकरी आबा नेहमी रश्श्यात कुस्करून, चवीनं, सावकाश खातात. त्या दिवशी ती तशीच ताटात ठेवून ते उठले आणि खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसले. तळहात छातीवर. तेव्हा दीड वाजला होता.

"काय झालं आबा?" मी विचारलं.

"काय न्हाय. गॅस धरलाय."

घरात लगेच गॅसविरोधी मोहीम सुरू झाली. आईनं ओवा दिला, मी लिंबू-सोडा दिला, शेजारून हिंगाची गोळी आली. आबांनी सगळं निमूटपणे घेतलं, आणि खरं तर तिथेच आम्ही घाबरायला हवं होतं, कारण आबा निमूटपणे काहीच घेत नाहीत. अर्ध्या तासानं पाहिलं तर पंख्याखाली बसूनही त्यांच्या बनियनची पाठ ओली झाली होती.

प्रीती म्हणाली, "अहो, हा गॅस नाही. घाम बघा त्यांचा. हॉस्पिटलात नेऊया."

"रविवारी दुपारी हॉस्पिटलात कोण असतं? शिकाऊ पोरं. आपण कल्पिता मॅडमना दाखवू. वीस वर्षं तपासतायत त्या आबांना."

"मॅडम साडेपाचला येतात."

"म्हणून तर आत्ताच नंबर लावायचा!" मी म्हणालो. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, याचं मला त्या वेळी खरोखर आश्चर्य वाटलं.

आता ही नंबराची भानगड सांगायला हवी. कल्पिता मॅडमचा दवाखाना विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला आहे. रविवारी सकाळी तो बंद असतो, संध्याकाळी दीड तास उघडतो आणि पहिले वीसच पेशंट घेतात. कंपाउंडर सखाराम पाच वाजता शटर उचलतो आणि ओट्यावर ज्या क्रमानं चपला लावलेल्या असतील त्या क्रमानं वहीत नावं लिहितो. पिशवी चालत नाही, पाण्याची बाटली चालत नाही, वीट तर नाहीच नाही. चप्पलच लागते, आणि तीही पेशंटचीच. (मध्यंतरी काही लोक नंबराला लावायला म्हणून जुन्या चपला वेगळ्या ठेवू लागले होते. सखारामनं त्या ओळखून नाल्यात टाकल्या. तेव्हापासून शिस्त आहे.)

म्हणून मी दाराशी वाकलो, आबांच्या चपला उचलल्या, कागदाच्या पिशवीत घातल्या आणि निघालो.

या चपलांबद्दलही दोन शब्द. आबांकडे बाहेर घालायचा एकच जोड असतो, जाड कातडी, नऊ नंबरचा. दर रविवारी सकाळी ते त्याला तेल लावतात, फडक्यानं पुसतात आणि दाराशी टाचा भिंतीकडे करून ठेवतात. बाहेरच्या गॅलरीतसुद्धा ते कधी अनवाणी गेलेले मी पाहिलेले नाहीत. याचं कारण मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दुपारी मात्र ते मला आठवलं नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर तीन जोड आधीच होते. चौथा मी लावला. नीट, सरळ रेषेत, आणि पुरावा असावा म्हणून मोबाइलवर फोटोही काढला. ओट्याच्या सावलीत शांताबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. गुडघ्यांसाठी आलेल्या, पहिला नंबर त्यांचा.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

"वडील."

"काय होतंय?"

"छातीत जरा भरल्यासारखं."

"छातीत?" त्यांनी पाय खाली सोडले. "आणि तुम्ही नंबर लावताय?"

"चौथा आहे," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. तो अजून माझ्या कानात आहे आणि रात्री कूस बदलताना ऐकू येतो.

खरं तर चपला लावल्यावर घरी परतायला हवं होतं. पण कुणी जोड मागे सरकवला तर, असं मनाशी म्हणत मी तिथेच सावलीत उभा राहिलो. चोर नव्हता, कुत्रं नव्हतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी आपला चपलांवर पहारा देत होतो. मध्ये वेळ जावा म्हणून मोबाइलवर 'जवळचा दवाखाना, आता उघडा' असं शोधून पाहिलं. पहिलं नाव आलं ते जनावरांच्या डॉक्टरचं. दुसरा दातांचा. म्हणजे आपण योग्य ठिकाणी उभे आहोत, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

तीनला दहा कमी असताना प्रीतीचा फोन आला.

"आबांच्या चपला कुठायत?"

"नंबराला."

ती म्हणाली, "आबांना उलटी झाली. डावा हात दुखतोय म्हणतायत. मी रिक्षा आणलीय, खाली उभी आहे. पण आबा निघत नाहीयेत."

"उठवत नाहीये का त्यांना?"

"उठून दारापर्यंत आले. चपला नाहीत बघून परत खुर्चीत बसले. अनवाणी बाहेर पाय टाकणार नाही म्हणतायत."

"मग बाथरूमच्या स्लिपर दे."

"दिल्या. त्या पायानं बाजूला सारल्या."

"माझे ऑफिसचे बूट दे."

"तुमचा पाय सात, त्यांचा नऊ. अहो, चपला घेऊन या आधी!"

यावर मी जे बोललो ते लिहिताना लाज वाटते, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी म्हणालो, "अगं, पण नंबर जाईल."

फोनवर मागे आईचा आवाज येत होता, आबांना वारा घालतानाच्या कागदाचा फडफडाट येत होता. प्रीती शाळेत शिकवते, तिचा आवाज मोठा आहे. पण त्या वेळी ती अगदी हळू बोलली.

"प्रेम," ती म्हणाली, "पळ."

चोवीस वर्षांच्या संसारात तिनं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली, आणि तीही अरे-तुरे. मी आबांच्या चपला उचलल्या. (आणि उचलल्या त्या जागी स्वतःच्या काढून ठेवल्या. हे कसं झालं मला सांगता येणार नाही. मेंदू घाबरला होता, पण हात ऑफिसातलेच होते.)

"अहो, आता तरी राहू द्या तो नंबर!" शांताबाई ओरडल्या. पण तोवर मी रस्त्याला लागलो होतो.

आधी आबांच्या चपला पायात घालून पळायचा प्रयत्न केला. माझा पाय त्यात असा पुढे सरकला की दहाव्या पावलाला पानाच्या टपरीसमोर मी तोंडावर आपटलो. म्हणून त्या हातात घेतल्या आणि अनवाणी पळत सुटलो. मे महिना, दुपारचे तीन, डांबर मऊ झालेलं. शेअर रिक्षाच्या स्टँडवर एक रिक्षा नव्हती. चटके बसू लागले तसा मी कधी गटाराच्या झाकणावरून, कधी दुकानांच्या सावलीतून उड्या मारत चाललो होतो. वय वर्षं एकोणपन्नास.

वाटेत समाजमंदिराच्या हॉलमध्ये लग्न होतं. आत बुद्धवंदना सुरू व्हायची होती, म्हणून सगळं वऱ्हाड चपला बाहेर काढून आत बसलेलं. दारात दीडदोनशे जोड पसरलेले, आणि सकाळपासून त्यातले तीन गायब झालेले. (हे मला नंतर कळलं.) अशा ठिकाणावरून एक घामाघूम माणूस, अनवाणी, हातात तेल लावलेल्या चांगल्या चपला घेऊन, मागे बघत पळतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा.

"पकडा रे त्याला!"

छातीवर 'स्वागत समिती'चा बिल्ला लावलेल्या एका तरुणानं माझी कॉलर धरली. त्याचं नाव संदेश. पुढे तो आमच्या घरचाच झाला, पण ओळख ही अशी झाली.

"काय काका, भर लग्नात? कुणाच्या चपला ह्या?"

"वडिलांच्या."

"वडील कुठेत?"

"घरी."

"वडील घरी नि चपला रस्त्यावर? भारी आहे. आणि तुमच्या चपला कुठेत?"

"नंबराला," मी म्हणालो.

लोक हसले. कुणीतरी मोबाइल काढून माझं शूटिंग घ्यायला लागलं. मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान मुलासारखं, हुंदके देत. "माझ्या वडिलांच्या छातीत दुखतंय," मी म्हणालो. "दारात रिक्षा उभी आहे. चपलेशिवाय ते घराबाहेर पाय टाकत नाहीत. आणि चपला मी आणल्या."

संदेशनं कॉलर सोडली नाही, पण सैल केली. त्याला काही उमजत नव्हतं. चपलेसाठी कोण थांबतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात दारातल्या खुर्चीवर बसलेले पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे काठी टेकत उठले. त्यांना सगळे महिपत आजोबा म्हणत होते.

"वडलांचं वय काय?" त्यांनी मला विचारलं.

"शहात्तर."

"गाव?"

"साताऱ्याकडचं. कोरेगावच्या अंगाला."

ते मान हलवत माझ्या हातातल्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "संदेश, सोड त्यांना. गाडी काढ तुझी. आमच्या वेळचा माणूस आहे तो. तो नाही निघायचा तसा."

आणि तेव्हा मला आठवलं.

माझे आजोबा गावात वरच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात घ्यायचे. घ्यावंच लागायचं. आळी संपली की परत पायात. आबा तेव्हा सहासात वर्षांचे होते, बापाचं बोट धरून चालायचे, आणि एका हातात बोट व दुसऱ्या हातात पायताण असं ते चित्र त्यांच्या मनात कायमचं बसलं. सतराव्या वर्षी ते कल्याणला आले, गॅरेजमध्ये लागले आणि पहिल्या पगारातून त्यांनी आधी चपला घेतल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, मी शाळेत असताना. तेव्हा ते म्हणाले होते, "आपल्या घरात आता कुणी पायताण हातात घ्यायचं न्हाय." आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांच्याच चपला हातात धरून अख्ख्या कल्याण पूर्वेतून अनवाणी धावत आलो होतो. कुणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे, तर चौथ्या नंबरासाठी.

मी संदेशच्या गाडीवर मागे बसलो. त्यानं वाटेत एकच प्रश्न विचारला, "काका, तुम्ही थेट हॉस्पिटलात का नाय नेलं त्यांना?" मी वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरी पोचलो तर दाराला कुलूप. जिन्यातच फोन वाजला. प्रीती. "आम्ही पोचलोय. पुलापलीकडच्या हॉस्पिटलात. या."

"आबा निघाले? कसे काय?"

"या आधी," ती म्हणाली.

हॉस्पिटलात पोचलो. अतिदक्षता विभाग पहिल्या मजल्यावर होता. दाराबाहेर मोठी पाटी: 'चप्पल-बूट बाहेर काढावेत.' बाकावर आई बसली होती, अनवाणी. आत आबा होते, अनवाणी. मी जिन्यावरून आलो तो अनवाणी. वॉर्डबॉयनं आमच्याकडे पाहून समाधानानं मान डोलावली. इतकी शिस्तीची माणसं त्यानं बहुधा पाहिली नव्हती. मी आबांच्या चपला रॅकवर ठेवल्या, टाचा भिंतीकडे करून.

आबा कसे निघाले ते प्रीतीनं सांगितलं. मी वेळेत येत नाही असं दिसल्यावर आई उठली, दाराशी गेली आणि जायचं म्हणून पायात घातलेल्या स्वतःच्या चपला तिनं काढून ठेवल्या.

"तुमी न्हाय घालत, तर म्या बी न्हाय घालत," ती आबांना म्हणाली. "पोराची वाट बघत हितं बसला तर चार जणं उचलून नेतील तुमाला. तवा कोण पायताण घालतंय? उठा."

आबा म्हणाले, "ऊन लागतंय. पाय भाजतील तुजे."

"भाजू द्या," आई म्हणाली. आणि आबा उठले. जिना उतरेपर्यंत त्यांनी आईचा हात धरला होता, असं प्रीती म्हणाली. मी त्यांना चारचौघांत एकमेकांचा हात धरलेलं आजवर पाहिलेलं नाही, आणि जेव्हा धरला तेव्हा मी लांब कुठेतरी रस्त्यात त्यांच्या चपला हातात घेऊन होतो.

(रिक्षात बसल्यावर मात्र आबा पुन्हा ड्रायव्हर झाले. पूल चढताना छातीवर हात दाबून धरलेला, कपाळावर घामाचे थेंब, आणि तरी पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "गेर बदल रं. इंजिन वरडतंय, ऐकू येत न्हाय व्हय?")

आतून डॉक्टर लिओना आल्या. माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. मी ज्यांना शिकाऊ पोरं म्हणत होतो, त्यातल्याच एक. त्यांनी दहा मिनिटांत ईसीजीची पट्टी काढली होती, औषध दिलं होतं, वरच्या डॉक्टरांना घरून बोलावून घेतलं होतं.

"हार्ट अटॅक आहे," त्या सरळ म्हणाल्या. "एक नळी पूर्ण बंद आहे. ती आत्ताच्या आत्ता उघडायला लागेल. दुखायला किती वाजता लागलेलं?"

"दीड," प्रीती म्हणाली.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला वीस कमी. "आणि इथे आणलंत सव्वातीनला. मधे काय झालं?"

आईनं जमिनीकडे पाहिलं, प्रीतीनं खिडकीकडे. मला वाचवायचा दोघींनी केलेला हा शेवटचा प्रयत्न होता.

"मी नंबर लावत होतो," मी म्हणालो.

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फॉर्म पुढे केला. "इथे सही करा." मी दिवसाला दीडशे सह्या करतो. त्या कागदावर मला एक करता येईना, पेन नुसतंच कागदावर टेकून राहिलं. प्रीतीनं ते माझ्या हातातून घेतलं आणि सही केली. 'नाते' या रकान्यात 'सून' असं लिहिलं.

पुढचे दोन तास कसे गेले ते सांगता येत नाही. आईचे तळवे लाल झाले होते. मी रुमाल ओला करून आणला आणि तिच्या पायांवर ठेवला. तिनं माझे पाय पाहिले, फोड आलेले, आणि रुमालाचं एक टोक माझ्याकडे सारलं.

"आई," मी म्हणालो, "मी नंबर लावायला गेलो नव्हतो गं. आबांचं तोंड बघवेना मला. काहीतरी काम काढून मी पळालो."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "ल्हानपनी कुणी पडलं, रगात आलं, की तू पाणी आणायला म्हणून पळायचास. अन् पाणी कंदी आणलं न्हाईस."

एवढं बोलून तिनं माझा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून धरून ठेवला. मला वाटलं होतं ती रागवेल. आबा वाचले नाहीत तर मी या बाईच्या समोर आयुष्यभर कसा वावरणार, हाच विचार माझ्या डोक्यात घणासारखा पडत होता.

पावणेसहाला फोन वाजला. सखाराम.

"साहेब, चौथा नंबर आला. पेशंट कुठाय? आणि हा जोड सातचा आहे. आबांचा नऊचा असतो."

आत माझ्या बापाच्या हृदयात तार घातलेली होती. आणि मी, आवक-जावकचा वरिष्ठ लिपिक, म्हणालो, "पाच मिनिटं धरून ठेवता का?"

प्रीतीनं फोन माझ्या कानावरूनच काढून घेतला. तिनं काय झालं ते सांगितलं. मग पलीकडे कल्पिता मॅडम आल्या असाव्यात, कारण तिनं फोन परत माझ्या कानाला लावला.

"अहो, छातीत दुखणाऱ्या माणसाच्या चपला कसल्या लावताय?" मॅडम म्हणाल्या. "मला फोन करायचा. मी वरच्याच मजल्यावर राहते. दुपारी झोपतसुद्धा नाही मी. वीस वर्षं माझा फोन प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर छापलेला आहे, वाचला नाहीत का कधी?"

नव्हता वाचला. मी चिठ्ठीवरची तारीख तेवढी वाचतो.

सहा वाजून गेल्यावर डॉक्टर लिओना बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढला. "झालं. नळी उघडली," त्या म्हणाल्या. "वेळेत आणलंत असं मी म्हणणार नाही. पण आणलंत." आईनं दोन्ही हात जोडले आणि मग एकदम रडायला लागली. दिवसभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. प्रीती तिला मिठीत घेऊन उभी राहिली. मी बाजूला उभा राहून वॉर्डबॉयच्या खांद्यावर रडलो, कारण तोच जवळ होता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एकेकाला आत सोडलं. आई आत गेली, तेव्हा मशिनवर आबांचे ठोके शहात्तर होते. प्रीती गेली, चौऱ्याहत्तर. मी गेलो आणि आकडा चढू लागला. ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव. माझे डोळे भरून आले. बाप कितीही गप्प असला तरी काळीज बोलतंच, असं मला वाटलं.

आबांनी डोळे उघडले. "माजं पायताण कुटं हाय?"

"बाहेर रॅकवर आहे, आबा. नीट ठेवलंय." मी त्यांचा हात धरला. "माझं चुकलं, आबा. फार चुकलं."

त्यांची नजर माझ्या बँडेज बांधलेल्या पायांवर गेली. "पाय भाजलं व्हय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. "तुजं पायताण कुटं गेलं?"

"नंबराला," मी म्हणालो.

आबांनी डोळे मिटले. आकडा एकशे चार झाला. सिस्टर लगबगीनं आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा हं. आणि सुनबाईंना पाठवा."

पाचव्या दिवशी घरी सोडलं. निघताना डॉक्टर लिओनांनी आबांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. मीठ कमी. तळलेलं बंद. मटण महिन्यातून एकदा, दोन फोडी, रस्सा नाही. जिना हळूहळू चढायचा, मध्ये थांबायचं. दगदग नाही, त्रागा नाही. आबा खाली मान घालून ऐकत होते, एकेका गोष्टीला 'बरं' म्हणत होते. सगळं संपल्यावर त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बोट केलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं,

"आन् हे?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. आबांचा रिपोर्ट पुन्हा एकदा चाळला.

"एकदम बंद नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "पण बेतानं. दिवसातून एकदा, तेही जेवणानंतर."

प्रीतीनं तेही लिहून घेतलं.